सहावा महिना, वजन वाढलं अडीच किलो. कमी जेवल्यानं बाळंतपण सोपं जातं का?

कपाशी_तूर | २ ऑगस्ट, दुपारी २.१०

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, राळेगाव तालुका. वय २३, पहिलटकरीण. सहावा महिना लागला आहे. उंची पाच फूट. दिवस राहिले तेव्हा वजन ४२ होतं, आता ४४.५. मागच्या आठवड्यात अंगणवाडीत सिस्टरनं काट्यावर उभं केलं आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "खात नाही का गं तू?"

मी तर खाते. पण सासूबाई दुसरी भाकर ताटात पडू देत नाहीत. म्हणतात, "पोटात जागा राहू दे, लेकरू मोठं झालं तं अडते, मंग सिझर." त्या वाईट नाहीत. निंदणाला त्यांनीच जाऊ दिलं नाही, पाण्याचा हंडा त्याच उचलतात. फक्त जेवणाच्या बाबतीत हे असं. त्यात आता श्रावण, म्हणून अंडं घरात येत नाही, सोमवार तर धरायचाच.

तिकडे माझी नणंद नागपूरला, तिचं १८ किलो वाढलं होतं. तिला सगळे म्हणायचे दोघांचं खा. मग खरं काय? कोणाचं ऐकू?

तर्री_पोहा | दुपारी २.३१

माह्या बायकोच्या वेळेस तिचं ९ किलो वाढलं आन माह्यं ७. तिचं उतरलं, माह्यं अजून हाये. लेकरू आता चौथीत हाये.

उपकेंद्र_२२_वर्षे | दुपारी ३.०५

ताई, २२ वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, म्हणून काढली, आता निवृत्त. आधी तुमच्या सिस्टरच्या वतीनं माफी मागते, चारचौघींत असं बोलायला नको होतं. पण तिची काळजी खरी आहे.

सगळ्यांना एकच आकडा लागू होत नाही. आधीचं वजन आणि उंची बघायची. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. तुमचं येतं साधारण १८.१. साडेअठराच्या खाली असलं की बाई मुळातच कमी वजनाची. अशा बाईचं पूर्ण दिवसांत १२.५ ते १८ किलो वाढावं असं धरतात. साडेअठरा ते पंचवीसच्या आत असेल तर ११.५ ते १६. पंचवीस ते तीसच्या आत ७ ते ११.५, आणि तिसाच्या वर ५ ते ९. हे २००९ चे अमेरिकेतले आकडे, पण डॉक्टर इकडेही तेच बघतात. आम्हाला प्रशिक्षणात ९ ते ११ किलो शिकवलं होतं, कार्डावर लिहिताना आम्ही तेच बघायचो.

म्हणजे तुमची नणंद आणि तुम्ही एका मापात बसणारच नाही. तुमचं आतापर्यंत निदान पाच-सहा किलो वाढायला हवं होतं. घाबरू नका, अजून तीन महिन्यांच्या वर हातात आहेत. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, किती आहे? कार्डावर बघून लिहा.

जुनं_ते_सोनं | दुपारी ३.४०

आमच्या आजीला अकरा लेकरं झाली. ना काटा, ना कार्ड, ना गोळी. नवव्या महिन्यापर्यंत वावरात. आताच्या पोरींचे फार लाड झालेत.

मेघा_अकोलेकर | दुपारी ३.४८

@जुनं_ते_सोनं, अकरा झाली. त्यातली मोठी किती झाली?

जुनं_ते_सोनं | दुपारी ४.१५

पाच.

(बरं, मुद्दा समजला.)

मेघा_अकोलेकर | दुपारी ४.३०

आता दुसरी बाजू माझ्याकडून. माहेर अकोला, आता पुण्यात. माझं १९ किलो वाढलं. सासर-माहेर दोन्हीकडून डिंकाचे लाडू, शिरा, दुधात केशर. दिवसभर खुर्चीवर बसून काम आणि संध्याकाळी "तुला काय खावंसं वाटतं?" सातव्या महिन्यात शुगर निघाली. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्यापुढे आलं की गरोदरपणातला मधुमेह. माझं १६८ आलं. तेव्हापासून लाडू बंद, भात मोजून, जेवल्यावर चालणं. दोघांचं खा ही म्हण ज्यानं काढली त्याला मला एकदा भेटायचं आहे.

कपाशीताई, ही तपासणी सरकारी दवाखान्यातही होते, बारीक बायकांचीही करतात. विचारून घ्या.

उपकेंद्र_२२_वर्षे | सायं. ५.००

मेघाताईंचं बरोबर आहे. दोघांचं खायचं नसतं. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब आहे. म्हणजे किती? एक ज्वारीची भाकर, वाटीभर घट्ट वरण आणि वर चमचाभर तेल घातलेली जवसाची चटणी. झालं. कपाशीताई, तुमच्या ताटात जी दुसरी भाकर पडत नाही ना, प्रश्न नेमका तेवढाच आहे. तुम्ही मुळात बारीक, तेव्हा तुम्हाला त्याहून थोडं जास्तच.

कपाशी_तूर | सायं. ५.२०

एचबी ८.९. गोळ्या मिळाल्या आहेत. खरं सांगू? रोज नाही घेत. मळमळते आणि संडास काळी होते. शेजारची म्हणाली, गोळ्यांनी लेकरू काळं होतं.

आशाताई_गडचिरोली | रात्री ८.१२

लेकरू काळं होत नाही बाई, संडासच काळी होते. लोह आहे ते, वापरून उरलेलं बाहेर पडतं.

आमच्याकडे एका घरी गेले होते. बाई म्हणे रोज घेते. परत निघताना पाहिलं तर तुळशीच्या ओट्यामागं अख्ख्या पट्ट्या, पावसानं भिजून गोळ्यांचा लाल रंग मातीत उतरलेला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या वेळेला जाऊन बसले. कळलं की ती गोळी रिकाम्या पोटी, वर चहा, अशी घ्यायची. मळमळेल नाही तर काय.

रात्रीच्या जेवणानंतर तासाभरानं घे, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. चहा गोळीच्या आधी तासभर नाही, नंतर तासभर नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. ८.९ ला बहुतेक दिवसाला दोन गोळ्या सांगतील, पण ते डॉक्टरला ठरवू दे. आणि सिकलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली का? आपल्या विदर्भात ती झालीच पाहिजे. तू वाहक निघालीस तर नवऱ्याचीही करायची. दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक शक्यता की लेकराला सिकलसेल होईल.

तर्री_पोहा | रात्री ८.४०

लोखंडाच्या कढईत भाजी करा. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला, आंबाडी, तरोटा, वरून सांबार.

पुणेरी_पाहुणा | रात्री ८.५५

भाजीवर सांबार? इडलीसोबतचं?

तर्री_पोहा | रात्री ८.५८

अबे भाऊ, कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबिरीले सांबार म्हंतेत, टमाट्याले भेदर म्हंतेत आन शेंगदाण्याले फल्ली. पुढच्या खेपेले डिक्शनरी घिऊन ये.

वर्धेची_वैनी | रात्री ९.२०

मुनगा गरम असतो ना? मला सासरी दिवस असताना मुनगा, पपई, तीळ, गूळ सगळं बंद होतं. उरलं काय, तर भात आणि पातळ वरण.

इंटर्नशिप_चालू | रात्री ९.४५

एमबीबीएस झालं, सध्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. कच्ची पपई नको, तिच्या चिकामुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं. पिकलेली खायला हरकत नाही. मुनग्याच्या शेंगा आणि भाजीत शिजवलेला पाला आवर्जून खावा. रोजच्या भाजीतले तीळ, गूळही चालतात. गरम-थंडच्या यादीत नेमके तेच पदार्थ बंद होतात ज्यांत लोह आणि कॅल्शियम आहे, हे मी ओपीडीत रोज बघतो.

आता मूळ प्रश्न, कारण धागा सांबारावर गेला. कमी खाल्ल्यानं लेकरू बारीक राहून बाळंतपण सोपं जाईल, यात तथ्य नाही. सिझर होतं ते लेकरू आडवं किंवा पायाळू असल्यामुळे, कळा पुढे न सरकल्यामुळे, ठोके कमी झाल्यामुळे, बीपीमुळे, कधी आईची कंबर अरुंद असल्यामुळे. आईनं उपाशी राहून कंबर रुंद होत नाही. आई अशक्त झाली की लेकरू अडीच किलोच्या आत जन्मतं, त्याला ऊब धरता येत नाही, नीट दूध ओढता येत नाही. आणि एचबी कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही. मला भीती त्याची जास्त वाटते.

जिनिंगचा_काटा | रात्री १०.३०

आमचा कापसाचा धंदा, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. बायकोच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला असंच समजावलं होतं. जिनिंगमध्ये भरलेली गाडी काट्यावर चढवतो, मग रिकामी, मधला फरक म्हणजे माल. मी समजायचो की बाईचं १२ किलो वाढलं म्हणजे १२ किलोचं लेकरू नाहीतर १२ किलो चरबी. तसं नसतं. लेकरू ३ किलो. वार अर्ध्या किलोच्या वर. लेकराभोवतीचं पाणी किलोच्या आसपास. गर्भाशय एक किलो. वाढलेलं रक्त सव्वा ते दीड. अंगातलं पाणी दीड. छाती अर्धा किलो. उरलं ते तीन-साडेतीन किलो चरबी, आणि तीही पुढं दूध पाजायला कामी येते.

म्हणून ताई, तुमच्या गाडीत अजून माल भरायचा आहे. अडीच किलोत रक्त कुठं आणि लेकरू कुठं बसवायचं?

वर्धेची_वैनी | रात्री १०.४१

@जिनिंगचा_काटा, बायकोला तोंडावर गाडी म्हणालात का?

जिनिंगचा_काटा | रात्री १०.४३

एकदाच.

खर्रा_सुटला | ३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

नाव बदलून लिहिते. चंद्रपूर जिल्हा. धाग्यात सगळं आलं पण हे कोणी बोललं नाही, म्हणून.

मला लग्नाआधीपासून खर्रा. बायका खात नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे धान रोवणीच्या बांधीवर येऊन पाहावं. दुपारी सगळ्या जणी धुऱ्यावर बसल्या की पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून तळहातावर घोटायचा तो चर्र चर्र आवाज. भूक मरते, काम होते. दिवस राहिल्यावर उलट्या सुरू झाल्या. काहीच गोड लागेना, फक्त खर्रा तोंडात धरला की बरं वाटायचं. आठव्या महिन्यापर्यंत माझं वजन चार किलो वाढलं. लोक म्हणायचे अंगकाठीच तशी आहे. मुलगी झाली १९०० ग्रॅमची. तीन आठवडे नागपूरला काचेच्या पेटीत होती. डॉक्टरनी विचारलं, तंबाखू? मी नाही म्हणाले. माझी सासू बाजूला उभी होती, ती म्हणाली, "खाते." तेव्हा राग आला होता.

दुसऱ्या खेपेला सोडला. पहिले पंधरा दिवस फुटाणे आणि बडीशेप खिशात घेऊन फिरले. पोरगा झाला २८०० चा. मुलगीही आता ठीक आहे, सात वर्षांची, फार बोलते.

आशाताई_गडचिरोली | सकाळी ८.०५

हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. तंबाखूनं वारेतल्या नसा आकसतात, लेकरापर्यंत पुरेसं रक्त जात नाही, आईनं कितीही खाल्लं तरी. वजन वाढत नसलं की मी आता आधी तोंड उघडायला लावते, मग ताट बघते.

आमच्या आदिवासी भागात अंगणवाडीत अमृत आहार असतो, २०१५ पासून. गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण गरम जेवण. चपाती नाहीतर भाकर, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं नाहीतर केळी. तिथंच बसून खायचं असतं, म्हणून बरं. घरी नेलं की सहा तोंडांत वाटलं जातं.

मेघा_अकोलेकर | सकाळी ९.३०

आणि घरी न्यायचं कोरडं पाकीट? माझ्या मावशीकडे ते गाईला घालतात. म्हणे गाय छान दूध देते.

तर्री_पोहा | सकाळी ९.४४

म्हंजे शेवटी गाईचंच वजन बरोबर वाढून रायलं.

शिवारातला | सकाळी ११.१०

एक वेगळा मुद्दा. कपाशीताई, तुमच्याकडे आता फवारणीचे दिवस. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले, सगळ्यांना आठवत असेल. नवरा फवारून आला की त्याचे कपडे कोण धुतं? आमच्याकडे घरची बाईच धुवायची, तेही घरच्या बाकीच्या कपड्यांसोबत. आता मी बाहेरच काढतो, वेगळ्या बादलीत मीच धुतो, अंघोळ करूनच घरात येतो. फवारलेल्या वावरात तुम्ही जाऊ नका, डब्बा द्यायलाही नको.

कपाशी_तूर | दुपारी १.००

मीच धुते. हे कधी डोक्यातच आलं नाही. आज सांगते त्यांना.

वर्धेची_वैनी | दुपारी १.२५

श्रावण सोमवारचं काय? उपास म्हणजे नुसता साबुदाणा. मी सगळे सोमवार धरले आणि दर मंगळवारी डोकं गरगरायचं.

उपकेंद्र_२२_वर्षे | दुपारी २.१५

मी बायांना सांगायची, देवाला मी विचारते, तू जेव. ज्यांना धरायचाच असेल त्यांनी उपाशी राहू नये. भगर, फल्ली घातलेली आमटी, दही, राजगिरा, केळी. साबुदाण्यात नुसता स्टार्च. आणि श्रावणात अंडं नको तर नको, भांडण कशाला. मोड आलेले मूग, भिजवलेला हरभरा, मूठभर फल्लीदाणे, ताक, वरण घट्ट. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनं रोज २०-२२ ग्रॅम जास्त लागतात, ती यातूनही भरतात.

लग्नाला_४१_वर्षे | सायं. ६.२०

मी सासू आहे म्हणून लिहिते. सकाळपासून वाचते आहे. सगळ्यांनी सासूला मूर्ख ठरवलं नाही, याबद्दल आभार.

माझं पहिलं बाळंतपण १९८५ चं. गाव पैनगंगेच्या काठी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बाहेर पडायची सोय नव्हती. माझ्या जावेचं लेकरू अडलं. बंडीत घालून निघाले, नाल्यापाशी चार तास थांबले. ती तिथंच गेली. लेकरू मोठं होतं असं सुईण म्हणाली. खरं-खोटं तिलाच ठाऊक. त्यानंतर आमच्या घरात प्रत्येक बाळंतिणीला आधीपासून कमी जेवण. मीही कमीच जेवले. कोणी आम्हाला सांगितलं नाही की लेकरू अडण्याची कारणं दुसरी असतात. जवळ सिझर करणारं कोणी नसताना बाईच्या हातात काय होतं? ताट. तेवढंच.

कपाशी बेटा, तुझ्या सासूला विचार, तिनं कोणाला असं जाताना पाहिलं आहे का. मग तिला तपासणीला सोबत ने. घरी समजावू नकोस. तिथं डॉक्टर सांगेल ते ती ऐकेल, तुझं ऐकणार नाही.

जुनं_ते_सोनं | सायं. ६.५०

काकू, मी काल जे लिहिलं ते मागे घेतो.

इंटर्नशिप_चालू | सायं. ७.३०

काकूंच्या पोस्टनंतर फार काही लिहायचं उरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. सासूबाईंना तेव्हा न्या. सिझरच्या खर्चाची भीती असेल तर सांगा की सरकारीत सिझरही मोफत, येण्याजाण्याची गाडीही मोफत, १०२ ला फोन करायचा.

आणखी एक. वजन कमी वाढणं जसं वाईट तसं एकदम वाढणंही. आठवड्यात किलोच्या वर गेलं, तोंडावर-हातावर सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ९ तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बीपी मोजायचं. १४०/९० किंवा वर म्हणजे डॉक्टर हवा. बाया खूश होतात की अंगानं भरले, आणि ते पाणी असतं.

कपाशी_तूर | १० ऑगस्ट, सकाळी ११.४०

काल गेलो होतो. मी, सासूबाई आणि हे. सगळ्यांना सांगायचं म्हणून लिहिते.

आधी घरी विचारलं होतं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांच्या थोरल्या बहिणीचं. काकू, तुमच्यासारखंच, फक्त नाल्याऐवजी रात्र होती आणि गाडी मिळाली नाही. यांनाही हे माहीत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी त्यांनाच खुर्ची दिली आणि त्यांच्याशीच बोलल्या. माझं वजन ४५.२. मग मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्हीपण चढा काट्यावर." सासूबाई लाजल्या, चप्पल काढून चढल्या. ३८. मॅडमनी विचारलं, "तुम्ही जेवता कधी?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर." मॅडमनी विचारलं, "मग उरतं का?" यावर सासूबाई काही बोलल्याच नाहीत. हे खाली बघत होते.

सिकल नाही निघालं. शुगर ९८. गोळ्या दिवसाला दोन. सोनोग्राफीत लेकराची वाढ थोडी मागे आहे, तीन आठवड्यांनी परत बघणार.

काल रात्री पहिल्यांदा आम्ही दोघी यांच्यासोबत जेवायला बसलो. माझ्या ताटात दुसरी भाकर त्यांनीच टाकली. यांच्या वाट्याला दीडच आली, कारण पीठ नेहमीच्याच मापानं मळलं होतं. आज दोन मुठी जास्त घेतलं आहे. फवारणीचे कपडे यांनी स्वतः धुतले, निळ्या बादलीत, आणि तीच बादली परत न्हाणीत आणून ठेवली. म्हणजे अजून शिकवायचं आहे.

एक विचारायचं होतं सिस्टरताई, रात्री दोन भाकरी जड जातात, छातीत जळजळतं. काय करू?

उपकेंद्र_२२_वर्षे | दुपारी १२.१५

रात्रीची एक दुपारी चार वाजता खा, फल्लीच्या चटणीसोबत. रात्री लवकर जेव, जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस. दुपारी दोन तास डाव्या कुशीवर पड. आणि त्या चार वाजताच्या भाकरीला सासूबाईंनाही बसव.

तर्री_पोहा | दुपारी १२.२०

आन ते निळी बादली आजच बाहेर काढ.